वस्तू क्रमांक चौदा

लग्न दुपारीच उरकलं. गाडी रात्री दहाची.
मधल्या वेळात सिद्धेश्वराचं तळं पाहून झालं,
शेंगाचटणी घेऊन झाली, अर्धा किलो जास्तच,
मग कुणीतरी म्हणालं, अरकालांचं घर बघा की.

पेंटय्या अरकाल. हो, तेच,
ज्यांचं एक चित्र म्हणे पॅरिसात आहे.
शौकतभाईंच्या रिक्षानं पूर्वभागात चार फेऱ्या मारल्या,
चित्रकार कुणालाच ठाऊक नव्हता.
शेवटी एक म्हातारा तेलुगूत काही बोलला, आणि शौकतभाई,
"असं बोला ना. विडीवाल्या नागमणीचं घर!"

दोन खोल्या. वर पत्रा. बाहेर बेचाळीस, आत जास्त.
तिकीट दहा रुपये, सुटे नसतील तर राहू द्या.
नागमणीबाईंच्या मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा.
बोटं आपली आपण वळत होती,
तोंड मला माहिती देत होतं:
हा मावय्यांचा चष्मा. ही खाट.
रंग खाटेखाली ठेवायचे,
कारण उरलेल्या जमिनीवर आम्ही सहाजणं झोपायचो.

प्रत्येक वस्तूला क्रमांक, पांढरी चिठ्ठी,
चिठ्ठीवर बाहेरून आलेल्या कुणा अभ्यासकाची भाषा.

क्रमांक नऊ. चौकटींचा कागद, पिवळा पडलेला,
चौकट चौकट भरून काढलेलं हरिण.
माझे पाय थांबले.
दहावीपर्यंत हे हरिण पांघरून मी झोपले आहे.
काळ्यावर तांबडं. चादर उलटी केली की तांबड्यावर काळं.
दोन्हीकडून डोळा नाही.
एकदा गोवर निघाला होता तेव्हा
मी बॉलपेननं त्याला डोळा काढून दिला
आणि अंगात ताप असताना आईचा मार खाल्ला.

चिठ्ठी म्हणत होती:
'न पाहणारे हरिण. यंत्रयुगातील दृष्टिहीनतेवर
चित्रकाराने केलेले मूक भाष्य.'

"कसलं भाष्य," नागमणीबाईंनी दातानं दोरा तोडला.
"आमच्या तात्याच्या विडीची ठिणगी. पडली ती नेमकी डोळ्यावर.
पंचवाल्यानं जळकी चौकट मोकळी धरली,
पुठ्ठ्याला भोक पाडलंच नाही,
मास्तरच्या ध्यानात येईस्तोवर दोन हजार चादरी बाजारात.
मावय्यांच्या पगारातनं बारा रुपये कापले.
त्याची पावती आहे की ट्रंकेत.
ती नाही लावली त्यांनी भिंतीवर."

मी पेनाचं सांगितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही.
"लातूरच्या एक बाई टिकली लावायच्या म्हणे.
गुलबर्ग्याच्या एकानं बटण शिवलेलं."

"आणि मावय्या? ते काय म्हणायचे?"
"काय म्हणणार. ती चादर दिसली की तोंड फिरवायचे.
पुढं मोठे झाले, हार-तुरे झाले,
पण बैल असो, बाई असो, आधी डोळा काढायचे,
मग जमेल तसं बाकीचं."

मी वळून पाहिलं.
अख्खी भिंत माझ्याकडे बघत होती.

आमची चादर अजून आहे. चौघडी करून
इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली असते,
हरणाच्या मानेवर इस्त्रीचा करपलेला त्रिकोण.
हे मात्र मी बोलले नाही.

अभिप्रायाची वही पुढे आली, पेन सुतळीनं बांधलेलं,
ते उमटेना. कोपऱ्यात गोल गोल गिरवत राहिले,
तेवढ्यात गल्लीतून आरोळी,
"नीळ्ळू! नीळ्ळू!"

चार दिवसांनी नळ आला होता.
सूप बाजूला, विड्या तशाच.
हंडा गेला, कळशी गेली, बादल्या, तेलाचा रिकामा डबा,
आणि भांडी संपली तेव्हा काच सरकवून
नागमणीबाईंनी वस्तू क्रमांक चौदा उचलली,
'चित्रकाराच्या वापरातील तांब्याची घागर',
आणि माझ्या हातात दिली.
"तुम्हाला येतं ना धरायला?"

येतं.
कांजीवरमचा पदर खोचला, रांगेत उभी राहिले.
चिठ्ठी ओली होऊन बोटाला चिकटली.
मागची बाई तेलुगूत काहीतरी ओरडली,
बहुतेक, सरका की पुढं.